सायलेन्सर घेताना कानाचं ऐका

ऑडिओग्रामवर डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी दरीत कोसळलेली दिसली, की मी विचारते, ‘रायफल उजव्या खांद्याला लावता ना?’ समोरचा गृहस्थ चपापतो. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो.

मी इनव्हर्नेसला कान तपासते. स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात लांडगे केव्हाच संपले, हरणं वाढली आणि नव्या लागवडीचे कोंब खाऊ लागली. ती आवरायला पगारी शिकारी असतात. इथे त्यांना स्टॉकर म्हणतात. नवा सायलेन्सर घ्यायचा तर त्यातले काही मलाही विचारतात, आणि दुकानदाराला आवडणार नाही असं उत्तर मी देते: डेसिबलचा आकडा शेवटी बघा, आधी वजन बघा.

कारण साधं आहे. हरणाच्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो. ब्रिटनच्या २००५च्या नियमांत कामाच्या जागी कानावर पडणाऱ्या क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा १४० आहे. चांगला सायलेन्सर साधारण २० ते ३० डेसिबल खातो. सिनेमातलं ते ‘फुस्स’ विसरा. सेकंदाला ८०० मीटर धावणारी गोळी ध्वनीच्या पुढे असते, आणि तिचा स्वतःचा तडाखा कुठलीही नळकांडी थांबवू शकत नाही. म्हणजे कानावर मफ हवेतच. मग दोन-तीन डेसिबलसाठी अर्ध्या किलोचं लोखंड नळीच्या टोकाला कशाला? ते दिवसभर डोंगर चढताना जाचतं, आणि जाचणारी वस्तू गाडीतच राहते.

नळीवर मागे सरकून बसणारा प्रकार मला बरा वाटतो. लांबी कमी वाढते, तोल ढळत नाही. पोलाद टिकाऊ पण जड, टायटॅनियम हलकं पण खिसा कापणारं. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण धडाधड बार काढणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘.३०८’च्या जाड गोळीचा सायलेन्सर बारीक ‘.२४३’ला चालतो, आवाज किंचित जास्त येतो इतकंच. उलटं कधीही नाही. आटे जुळले तरी नेम पुन्हा तपासायचा, कारण गोळी पडण्याची जागा सरकते. आणि घरी आल्यावर तो काढून वाळवायचा. ओली काजळी नळीचं तोंड गंजवते.

मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम तोफाबंदुकांच्या आवाजाने बहिरे झाले. बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९मध्ये त्यांच्याच मुलाने घेतलं. तरीही कायद्याला ही वस्तू मारेकऱ्याचीच वाटत आली. अमेरिकेने १९३४मध्ये तिच्यावर २०० डॉलरचा कर बसवला, तर आपला १९५९चा शस्त्र कायदा तिला बंदुकीतच मोजतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद, तेव्हा तिथे तक्रार नाही. पण जिथे हरणं मारणं हे रोजचं काम आहे, तिथे ही वस्तू हेल्मेटच्या रांगेत बसवावी, असं माझं ठाम मत आहे. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकारी ती सर्रास वापरतात.

अजून एक. स्टॉकरच्या शेजारी त्याचा लॅब्रेडॉर बसलेला असतो. त्याला मफ कोण घालणार?