ऑनलाइन दुकानाची मालकी कोणाची ?

अडत्याच्या हातीं न पडतां आपला माल थेट गिऱ्हाइकाच्या दारीं जावा, ही इच्छा शेतकऱ्याच्या मनांत आजची नव्हे. २००२ सालीं कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त केला, आणि त्याच वर्षीं यूपीआय सुरू होऊन दहा रुपयांचा भरणाही मोबाइलवरून होऊं लागला. तेव्हां आतां संस्थेचें स्वतःचें ऑनलाइन दुकान असावें व त्याकरितां खास आपल्यापुरतें सॉफ्टवेअर करवून घ्यावें, असा विचार अनेक संस्थांच्या सभांतून निघतो. विचार चांगला आहे. परंतु त्यांत पैसा घालण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या, असें आम्हांस वाटतें. आणि त्यांपैकीं दुसरी बहुधा पाहिलीच जात नाहीं.

खास सॉफ्टवेअर लागतें तरी कोठें, हा पहिला प्रश्न. नवी मुंबईंत बेलापूरच्या उंच कचेऱ्यांच्या शेजारीं, खाडीच्या कांठीं, दिवाळे हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. अशा गांवची कोळीण मासळी कशी विकते तें पाहावें. बोंबील, मांदेली, कोळंबी यांचे वाटे लागतात. पापलेट नगावर जातें. मोठी सुरमई कापून मिळते. आज काय विकावयाचें हें होडी कांठास लागेपर्यंत कोणासच ठाऊक नसतें, आणि सकाळचा भाव दुपारीं राहत नाहीं. उलट, तयार मिळणारें दुकानाचें सॉफ्टवेअर बहुतेक साबणाच्या वडीसाठीं बांधलेलें असतें. सर्व नग सारखे, किंमत छापील, शिल्लक मोजलेली. त्या चौकटींत वाटा बसत नाहीं. (शेजारच्या कचेऱ्यांत बसून असलीं सॉफ्टवेअरें लिहिणाऱ्यांनीं एक सकाळ मासळी बाजारांत काढली, तर ती वायां जाणार नाहीं.)

शेतकऱ्याचा मालही याच जातीचा. आंब्याची पेटी चार डझनांची, पांच डझनांची कीं सहा डझनांची, हें फळाच्या आकारावर. मेथीची जुडी कधीं मोठी, कधीं लहान. फणस तोडून तोलल्याशिवाय बिल नक्की होत नाहीं; मग आगाऊ घेतलेल्या रकमेंतील फरक परत कसा द्यावयाचा? तोडणीपूर्वीं शंभर मागण्या घेतल्या आणि माल ऐंशींपुरताच निघाला, तर नकार कोणत्या वीस जणांस जावयाचा? याचीं उत्तरें प्रत्येक संस्थेचीं निराळीं, आणि खास कारागिरी लागते ती येथेंच. मालाचीं चित्रें, टोपली, पत्ता, पैसे भरण्याची सोय, हें सर्व तयार मिळतें. वूकॉमर्ससारखी प्रणाली तर मुक्त परवान्यावर विनामूल्य मिळते आणि तिला आपला भाग जोडतां येतो. तेवढ्यासाठीं पायापासून नवें बांधकाम करविणें हा पैशाचा नाश होय.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत माल ठेवावा. जादा मालापुरतें तेंही करावें. परंतु कोणत्या घरीं काय लागतें, कोण सणाला जास्त घेतो, हें कोळिणीस तोंडपाठ असतें, आणि तेंच तिचें खरें भांडवल. परक्या दुकानांत गिऱ्हाइकाची ती ओळख दुकानवाल्याजवळ राहते. ३१ डिसेंबर २०२१ रोजीं स्थापन झालेल्या ओएनडीसी या संस्थेनें विकणाऱ्याचें व घेणाऱ्याचें निरनिराळें ॲप एकमेकांस जोडण्याची सोय केली आहे. तिचाही विचार व्हावा.

आतां दुसरी गोष्ट. पैसे आपण दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलें झालें, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणक प्रणाली ही साहित्यकृति मानली आहे. पगारी नोकरानें नोकरीच्या कामांत ती लिहिली, तर निराळा करार नसल्यास मालकी मालकाची. पण बाहेरच्या कारागिराकडून ठरीव मोबदल्यानें करवून घेतली, तर लेखी हस्तांतर होईपर्यंत मालकी सामान्यतः त्या कारागिराचीच. दुसऱ्याच्या गटांत आपल्या खर्चानें विहीर पाडावी, त्यांतलाच हा प्रकार. पाणी आपण ओढतों, पण सातबारा दुसऱ्याचा. शिवाय हस्तांतराच्या लेखांत मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पांच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ज्यांचा आंबा दुबईस किंवा लंडनला जातो, त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. सबब करारांत कोणतें काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश व किती मोबदला, हें स्पष्ट असावें आणि खालीं हक्क देणाऱ्याची सही असावी.

कागदानेंच भागत नाहीं. सोर्स कोड हातीं नसेल तर एक रकाना वाढविण्यासाठींही त्याच कारागिराच्या दारीं जावें लागतें, आणि दर तो सांगेल तो. म्हणून शेवटचा हप्ता राखून ठेवावा. सोर्स कोड ताब्यांत येऊन एखाद्या तिऱ्हाईत जाणकारानें तो कोऱ्या यंत्रावर चालवून दाखविल्यावरच तो द्यावा. दुकानाचें डोमेन नांव व सर्व्हरचें खातें पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नांवें असावें, कारागिराच्या किंवा चिटणिसाच्या पुतण्याच्या नांवें नव्हे. गिऱ्हाइकांची यादीही संस्थेचीच; पण २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, त्यामुळें ती जपण्याची जबाबदारीही संस्थेवर येते, आणि अशी यादी हौसेनें कोणास वांटून टाकतां येत नाहीं.

पासवर्ड कोणाजवळ असावेत, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण पंचकमिटी बदलते तेव्हां कुलुपाची किल्ली जुन्या चिटणिसाजवळच राहून जाते. ते मोहोरबंद लखोट्यांत दप्तरीं ठेवावेत, आणि कारभार सोंपवितांना चेकबुक व शिक्क्याबरोबर त्या लखोट्याचीही पावती घ्यावी.