घास आणि व्हेंटिलेटर

हल्ल्यानंतर दशकानुदशके जाणीवशून्य अवस्थेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी वर्षानुवर्षे मऊ घास भरवले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली. ७ मार्च २०११ रोजी त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली गेली, तेव्हा परिचारिकांनी आनंद साजरा केला. मथळे मात्र झळकले ‘दयामरणाला मान्यता’चे. तेही खोटे नव्हते: त्याच निकालाने कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवण्याची, वाट मोकळी केली.

परंपरानिष्ठ कॅथलिक भूमिका अशा मथळ्यांत मावत नाही. असाधारण उपचार नाकारता येतात, असे पोप बारावे पायस १९५७ सालीच सांगून गेले. पण अन्नपाणी, नळीवाटे दिले तरी, शुश्रूषाच, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये बजावले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत अन्नाची नळी काढलेल्या टेरी शायवो यांच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी खटला संघीय न्यायालयात नेण्याच्या कायद्यावर रातोरात सही केली आणि वाहिन्यांना रिपब्लिकन-डेमोक्रॅट सामना मिळाला. रुग्ण बाजूलाच!

लोणावळ्याहून पुण्याच्या अतिदक्षता विभागात आणलेल्या वडिलांसाठी मुलांना विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ तिथे पक्षाचा प्रवक्ता नसतो. अशा वेळेसाठीचे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) २०२३पासून नोटरीपुढेही करता येते. श्रद्धावंत कॅथलिकाने त्यात व्हेंटिलेटर आणि अन्नपाणी यांची कलमे वेगळी लिहावीत.