लेनिनग्राडचे वर्ष आणि म्हैसूरची पोथी

१९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीच्या स्वाधीन केली. तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, आणि शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक असलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. ही हकीकत आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. तो मुद्रित ग्रंथ पुढे नेवा नदीच्या काठी लेनिनग्राडला पोहोचला आणि तेथील भारतविद्यापंडितांनी त्याचे रशियन भाषांतर हाती घेतले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याच पंडितांच्या मंडळात, हे भाषांतर सुरू होण्याच्या थोडे आधी, गोव्याच्या सांखवाळ गावचा एक मराठी ग्रंथकार राहून आला होता. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी.

दरवर्षी हजारो भारतीय विद्यार्थी शिक्षणासाठी रशियन भाषिक शहरांची वाट धरतात. त्यांच्या प्रवासाची चर्चा दलालांच्या जाहिराती आणि पालकांची कर्जे यांपलीकडे क्वचितच जाते. म्हणूनच कोसंबींच्या त्या मुक्कामाकडे आज नव्याने पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

कोसंबींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. पाली त्यांनी सिंहलद्वीपात बौद्ध भिक्षूंच्या पायाशी बसून आत्मसात केली होती. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमार्गाच्या संपादनाचे काम करीत असताना ते रशियन शिकले आणि मार्क्सच्या विचारांकडेही वळले. त्यामुळे १९२९ साली ते लेनिनग्राडला पाली शिकवावयास गेले, तेव्हा त्या शहराची भाषा त्यांना अगदीच परकी नव्हती.

ते शहरही अशा पाहुण्यासाठी सिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात इव्हान मिनायेव यांनी तेथे पाली अभ्यासाचा पाया घातला होता. ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ही बौद्ध ग्रंथांची माला १८९७ पासून तेथे निघत होती. कोसंबींना ज्यांच्या वर्तुळात काम करावयाचे होते, ते फ्योदोर श्चेरबात्स्की १९१० साली स्वतः हिंदुस्थानात येऊन पंडितांकडे न्यायशास्त्र शिकून गेले होते. म्हणजे येथे मागास देशाचा विद्यार्थी आणि प्रगत देशाचा गुरू असा प्रकार नव्हता. श्चेरबात्स्की आपल्याकडे शिकून गेले आणि कोसंबी त्यांच्याकडे शिकवावयास गेले. परत आल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते सामील झाले. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी पुढे मार्क्सवादी पद्धतीने अर्थशास्त्राचा जो अर्थ लावला, तो वाचकांना ठाऊक आहेच. (अधिकृत मार्क्सवाद्यांवर, म्हणजे आमच्यावरही, त्यांनी कोरडे ओढले. ते सर्वच अस्थानी नव्हते.)

लेनिनग्राडमधील रशियन भाषांतर मात्र १९५९ मध्ये प्रकाशित झाले. विलंबाचे कारण केवळ महायुद्ध नव्हे. या कामातील एक विद्वान आंद्रेई व्होस्त्रिकोव यांना १९३७ मध्ये खोट्या आरोपांखाली गोळी घालण्यात आली. श्चेरबात्स्कींनी उभारलेले मंडळ विस्कटले आणि १९४२ मध्ये ते स्वतः लेनिनग्राडपासून दूर कझाकस्तानात निवर्तले. समाजवादी राज्याने आपल्याच पंडितांचा असा घात केला, हे लिहिण्यास आमच्या चळवळीने फार उशीर लावला. उरलेल्यांनी ते काम तडीस नेले. ग्रंथाचे संपादन व्ही. आय. काल्यानोव यांनी केले.

१९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये त्याला पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ही वाट पंडितांपुरती न राहता शेतकरी-कामगारांच्या मुलांसाठी खुली झाली. तेथील पहिले वर्ष तयारीचे, म्हणजे मुख्यतः रशियन शिकण्याचे असे. शिक्षण विनाशुल्क होते, विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता मिळे. वसतिगृहाला रशियन भाषेत ‘ओब्श्चेझितिये’ म्हणतात. त्या शब्दात एकत्र जगणे हा अर्थ आहे. भाषांतर करताना आपला ‘वसतिगृह’ हा शब्द आम्हाला नेहमीच थोडा अपुरा वाटत आला आहे. १९९२ मध्ये लुमुंबांचे नाव काढण्यात आले, २०२३ मध्ये ते परत लावण्यात आले. विनाशुल्क शिक्षण मात्र आता शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मोजक्यांपुरते उरले आहे.

आज जाणारे बहुसंख्य विद्यार्थी वैद्यकीचे आहेत. ते जातात कारण मायदेशी सरकारी महाविद्यालयांत जागा थोड्या आणि खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे. परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी २०२१ साली केलेल्या आपल्या नियमांनुसार त्यांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असावे लागते. पण खाटेवरचा रुग्ण तर रशियन बोलतो! ज्या भाषेत तो आपली वेदना सांगतो ती विद्यार्थ्याने फावल्या वेळात, जमेल तशी शिकायची. सहा वर्षे एखाद्या शहरात राहून त्या शहराशी धड बोलता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

तिची किंमत २०२२ मध्ये दिसली. युक्रेनमधील खार्किव हे तेव्हा प्रामुख्याने रशियन बोलणारे शहर होते आणि तेथे भारतीय विद्यार्थ्यांची मोठी वस्ती होती. १ मार्च रोजी कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी अन्नसामग्री आणावयास बाहेर पडला असताना रशियन तोफमाऱ्यात ठार झाला. बारावीला उत्तम गुण मिळवूनही त्याला येथे परवडणारी जागा मिळाली नव्हती. ही पोरे तेथे गेलीच कशाला, असे विचारणारे त्या दिवसांत बरेच निघाले. तो प्रश्न येथील सरकारी जागांची संख्या ठरविणाऱ्यांना विचारावयास हवा होता.

परदेशी जाणाऱ्यांना दूषण देणारे आमचे मत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा वाढाव्यात आणि खाजगी शुल्कावर कायद्याचा लगाम असावा, ही मागणी विद्यार्थी चळवळ करीतच आहे. तिच्या जोडीला आणखी एक मागणी हवी: परदेशी शिकावयास जाणाऱ्या प्रत्येकाला तेथील भाषेचे एक पूर्ण वर्ष मिळावे आणि त्याच्या खर्चाची तरतूद दोन्ही सरकारांमधील करारांत असावी. रशियन सरकारच्या शिष्यवृत्त्या आजही भारतीयांना मिळतात. त्यांत शुल्क नाही आणि भाषेच्या तयारीचे वर्ष घेता येते. त्यांची माहिती तालुक्याच्या गावी मराठीतून पोहोचविण्याचे काम दलाल करणार नाहीत, कारण त्यांत दलाली नाही. ते पक्षाच्या शाखांना या प्रवेशाच्या हंगामापासूनच हाती घेता येईल.