वंदे भारतने नांदेडला आलात, तर मधला दिवस कुठं घालवणार?

मुंबईहून दुपारी सुटलेली वंदे भारत रात्री अकराच्या सुमारास नांदेडला पोचते. परतीची गाडी पहाटे पाचला निघते. स्टेशनवरूनच माघारी फिरलात तर गोष्ट वेगळी, नाहीतर एक अख्खा दिवस हातात येतो. जालन्यापर्यंत धावणारी ही गाडी ऑगस्ट २०२५मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. शहरासाठी खरा प्रश्न या मधल्या दिवसाचा आहे.

बहुतेकांचा दिवस सचखंड गुरुद्वाऱ्यात जातो, आणि ते साहजिक आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. १७०८मध्ये गुरु गोविंदसिंगजींनी इथंच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि इथंच त्यांचं निधन झालं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. जेवण लंगरमध्ये, मुक्काम यात्री निवासात. भाविकांची सोय उत्तम, पण त्यामुळेच त्यांना बाजारात किंवा गावात पाऊल टाकायची गरज पडत नाही. रिक्षावाला, हॉटेलवाला, चहावाला यांच्या वाट्याला स्टेशन ते गुरुद्वारा एवढंच अंतर येतं.

बाहेर पडलं तर पाहायला काय आहे? जुन्या नांदेडात गोदावरीकाठी नंदगिरी किल्ला आहे, स्टेशनपासून साधारण चार किलोमीटरवर. तीन बाजूंनी नदी. तटावर उभं राहिलं की शहर इथं का वसलं, हे कुणी सांगावं लागत नाही.

मग लातूर रोडनं विष्णुपुरी. धरण, काळेश्वराचं मंदिर आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, सगळं एकाच पट्ट्यात. विद्यापीठ पाहायला कोण जातं, असं वाटेल. पण त्याची तारीख बघा: १७ सप्टेंबर १९९४. १९४८मध्ये याच तारखेला हैदराबाद संस्थान निजामाच्या ताब्यातून मुक्त झालं, आणि त्या लढ्याचं नेतृत्व केलं स्वामीजींनी. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या पोरांना त्याआधी पदवीच्या कामासाठी औरंगाबादचं विद्यापीठ गाठावं लागे. शहराची शिकण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. नरहर कुरुंदकर इथल्याच पीपल्स कॉलेजात प्राचार्य होते.

कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला याच दिशेला, साधारण ५० किलोमीटरवर आहे. पण तो एका दिवसात कोंबू नका.

ही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. बाहेरगावच्या माणसाला ती एका दिवसात जोडून दाखवायची, तर मोठा प्रकल्प लागत नाही. गुरुद्वारा, किल्ला, विष्णुपुरी अशी ठरलेल्या वेळेची फिरती बस, पंजाबी आणि हिंदीतल्या पाट्या, आणि वाटाडे म्हणून विद्यापीठातलेच इतिहासाचे विद्यार्थी. त्यांनाही शिकता शिकता चार पैसे मिळतील. महापालिका, गुरुद्वारा बोर्ड आणि विद्यापीठ यांनी एकदा एका टेबलाशी बसायला हवं. गाडी तर आलीच आहे.