दोन चाकांचा स्वाभिमान आणि अठ्ठावीस टक्क्यांचा कर

सेवाग्राम म्हटले की बाहेरच्या माणसाला बापू कुटी आठवते, चरखा आठवतो, शेणाने सारवलेले अंगण आठवते. पण आजचे सेवाग्राम पाहायचे असेल तर सकाळी सात वाजता कस्तुरबा रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहावे. आजूबाजूच्या खेड्यांतून शंभर सीसीच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते. कुणाच्या मागे तापाने फणफणलेली आई बसलेली असते, कुणाच्या मागे दिवस भरलेली बायको. कुणाच्या टाकीवर जेवणाच्या डब्याची पिशवी, तर कुणाच्या कॅरिअरला गवंडीकामाची थापी आणि ओळंबा बांधलेला. ही मोटारसायकल म्हणजे चैन आहे काय? ज्यांना चैन वाटते त्यांनी या रस्त्यावर एकच सकाळ काढावी, एवढीच आमची विनंती आहे.

आमच्या वस्तीतला एक पोरगा वर्ध्यात एका ठेकेदाराकडे रात्रपाळी करतो. गाव तेरा किलोमीटर आत. रात्री दहानंतर एस.टी. नाही, पहाटेची पहिली गाडी येईल त्याचा भरवसा नाही. बापाची जुनी गाडी धूर ओकू लागली म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात तो शोरूममध्ये गेला. पाटीवर किंमत होती अठ्ठ्याहत्तर हजार. हातात चिठ्ठी पडली पंचाण्णव हजारांची. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, गाडी अठ्ठ्याहत्तरची आहे म्हणे, मंग वरचे सतरा हजार कायचे?" त्याचा हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही निरुत्तर करणारा होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी आकडे पाहू. २०१८-१९ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ३६ लाख मोटारसायकली विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा ९० लाखांच्या आसपास घसरला. तीन वर्षांत एक तृतीयांश गिऱ्हाईक बाजारातून गायब झाले! त्यानंतर विक्री हळूहळू सावरली, तरी २०२४-२५ मध्ये ती सुमारे १ कोटी २२ लाखांवरच होती. म्हणजे सहा वर्षांनंतरही जुना आकडा गाठता आला नव्हता. आता दुसरी बाजू पाहा. याच सहा वर्षांत चारचाकी प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे ३४ लाखांवरून ४३ लाखांवर गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक गाड्या उंच, धिप्पाड. देश एकच, रस्ता एकच, काळही एकच. पण मोटारवाला वाढला आणि मोटारसायकलवाला घटला. विकासाचे ढोल बडवणाऱ्यांनी या दोन आकड्यांचा अर्थ एकदा समाजाला समजावून सांगावा.

काही विद्वान म्हणतील, कोरोनामुळे विक्री पडली. कोरोनाने घाव घातला हे खरेच, पण विक्रीची घसरण २०१९ मध्येच सुरू झाली होती. त्या काळात किमतीवर एकामागून एक थर चढत गेले. सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरणे सक्तीचे झाले. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या दुचाकीला सुधारित ब्रेक यंत्रणा आवश्यक झाली. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बी.एस. ६ हे मानक आले. कार्बोरेटर जाऊन इंधन सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि साध्या गाडीची किंमत सात-आठ हजारांनी वाढली. २०१८ च्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास मिळणारी शंभर सीसीची गाडी २०२२ पर्यंत शोरूममध्येच पासष्ट-सत्तर हजारांच्या घरात गेली. याच काळात महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी २०३ रुपयांवरून २४८ वर आली. म्हणजे मजुरी बावीस टक्क्यांनी वाढली आणि गाडी तीस टक्क्यांच्या वर गेली. वरून टाळेबंदीत कित्येकांचा रोजगारच गेला. मग गाडी घेणार कोण?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विमा, चांगले ब्रेक, कमी धूर या गोष्टींना आमचा विरोध नाही. अपघातात मरणाऱ्यांत सर्वात मोठा वाटा दुचाकीवरच्यांचाच असतो, आणि विषारी धूर सर्वात आधी रस्त्याकडेच्या झोपडीत शिरतो. हे नियम गरिबाच्या जिवासाठीच हवेत. प्रश्न असा की, या सुधारणांचा भार उचलायचा कोणी? सरकारने एकीकडे किंमत वाढवणारे नियम आणले, पण दुसरीकडे आपला कर एक पैशानेही सोडला नाही. उलट वाढलेल्या किमतीवर वाढलेला कर वसूल केला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मोटारसायकल २८ टक्क्यांच्या सर्वात वरच्या टप्प्यात बसवली गेली. हा टप्पा चैनीच्या आणि व्यसनाच्या वस्तूंसाठी असल्याचे सांगितले जात होते. त्याच कायद्यात सोन्यावर कर आहे ३ टक्के. लग्नात अंगभर सोने मिरवणारा ३ टक्के देतो आणि रात्रपाळीला जाणारा कामगार सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के देत होता, हा कुठला न्याय? शिवाय राज्य सरकारने २०१७ मध्येच एकरकमी वाहन कर २ टक्क्यांनी वाढवला. ९९ सीसीपर्यंतच्या गाडीला १० टक्के, त्यावरच्या गाडीला त्याहून जास्त.

हिशेब करून पाहा. कारखान्यातून निघालेल्या गाडीची करापूर्वीची किंमत ६०,००० रुपये धरा. त्यावर तेव्हाचे २८ टक्के म्हणजे १६,८०० रुपये केंद्र-राज्याचा कर. झाले ७६,८००. या कर धरलेल्या किमतीवर पुन्हा राज्याचा १० टक्के वाहन कर, म्हणजे ७,६८० रुपये. एकूण कर २४,४८०! साठ हजारांच्या वस्तूवर चाळीस टक्क्यांहून अधिक कर, आणि पेट्रोलवरचा कर अजून मोजलेलाच नाही. आमच्या वस्तीतल्या पोराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

२० सप्टेंबर २०१९ हा दिवस आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. वाहनांची विक्री कोसळली होती, सुट्या भागांच्या कारखान्यांत कामगारांच्या हातांना काम उरले नव्हते. त्या दिवशी गोव्यात कर परिषदेची बैठक होती. वाहनांवरचा कर कमी करण्याची मागणी तिथे मान्य झाली नाही. पण त्याच दिवशी, त्याच गोव्यातून अर्थमंत्र्यांनी कंपन्यांच्या नफ्यावरील मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. भांडवलदारासाठी तिजोरी उघडली आणि गिऱ्हाइकासाठी दार बंद राहिले. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या दिवाळीत दुचाकींची विक्री जोरात वाढली. यावरून काय सिद्ध होते? लोकांना गाडी नको होती असे नाही, किमतीची भिंत आडवी होती. मग ही भिंत आठ वर्षे का उभी ठेवली, याचा जाब कोण देणार?

कराच्या जोडीला आहे व्याज. मोटारीसाठी बँक सन्मानाने बोलावून नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज देते. मोटारसायकलवाल्याला शोरूममध्ये टेबल टाकून बसलेला खासगी फायनान्सवाला गाठतो आणि "फक्त बारा टक्के फ्लॅट" असे गोड बोलतो. हा फ्लॅट शब्द म्हणजे जुन्या सावकाराची नवी टोपी आहे. साठ हजारांचे कर्ज, तीन वर्षे, बारा टक्के फ्लॅट: व्याज २१,६०० रुपये आणि हप्ता सुमारे २,२६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच लागते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. दोन हप्ते थकले की वसुलीची पोरे दारात येतात आणि भर वस्तीतून गाडी ओढून नेतात. गाडी जाते आणि तिच्यासोबत इज्जतही जाते.

वाहनाचा आणि इज्जतीचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही. बाबासाहेबांनीच तो आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी पोरांनीच हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. १९२९ मध्ये तेच बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकायला टांगेवाला येईना. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. स्वतःचे चाक नसणे म्हणजे काय, हे या देशात बाबासाहेबांइतके कुणी भोगले असेल?

म्हणून आमच्या बापांनी कापूस वेचून, विटा वाहून पहिली गाडी घेतली तेव्हा ती नुसती गाडी नव्हती. पाटलाच्या बैलगाडीची वाट पाहणे संपले. दवाखान्यासाठी कुणाच्या ओट्यावर हात जोडणे संपले. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे तर कुणाला विचारण्याची गरज उरली नाही. हे ज्यांना खुपते ते आजही आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. जातीयवाद्याच्या डोळ्यांत काय सलते, हे यावरून ओळखावे.

आणखी एक गोष्ट. ज्या सेवाग्रामातून यंत्राविना ग्रामस्वराज्याचा उपदेश देशभर गेला, तिथेच हा प्रश्न आम्ही मांडतो आहोत. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला ढोर मेहनतीतून सोडवते, त्याला सवड देते, आणि सवडीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष यंत्राचा नसून ते कुणाच्या मालकीचे आहे याचा आहे. योगायोग पाहा, गांधीजींना वर्ध्यात आणणाऱ्या जमनालाल बजाज यांच्याच घराण्याने पुढे देशाला स्कूटर आणि मोटारसायकली विकल्या! चरख्याच्या गावालाही शेवटी चाकच लागले.

मग करायचे काय? नुसता आक्रोश करून भागणार नाही. विजेच्या वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के कर आहे. तोच दर शंभर सीसीच्या श्रमिकाच्या गाडीला लावा, ही पहिली मागणी. राज्याने या गाडीवरचा १० टक्के वाहन कर माफ करावा, ही दुसरी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने रात्रपाळीचे कामगार, आशा सेविका, कारागीर यांना अल्प व्याजाने गाडीसाठी कर्ज द्यावे, ही तिसरी. आणि खेड्यांतली एस.टी. रात्री-पहाटेही धावली पाहिजे, ही चौथी, कारण ज्याला गाडी परवडत नाही त्यालाही दवाखाना गाठायचा असतो.

समाजबांधवांनीही डोळे उघडे ठेवावेत. शोरूमची चिठ्ठी ओळ न ओळ वाचा. विमा शोरूममधूनच घ्या असा कायदा नाही, बाहेर चौकशी करा. हाताळणी खर्चाच्या नावाखाली मागितलेली रक्कम कशाची, हे लेखी विचारा. फ्लॅट व्याज ऐकले की घटत्या शिलकीवरचा दर सांगा म्हणून अडून बसा. गावात एखादा शिकलेला पोरगा असेल तर त्याला सोबत न्या. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते नुसती नोकरी लागावी म्हणून नव्हे, कुणी लुबाडू नये म्हणूनही.

आमच्या वस्तीतल्या त्या पोराने शेवटी बारा वर्षांची जुनी गाडी अठ्ठावीस हजारांत घेतली. करकपात झाली तेव्हा त्याच्या हातात पैसा उरला नव्हता. रात्री अकराला ती गाडी चार-पाच किका मारल्यावर सुरू होते, तेव्हा आख्खी वस्ती जागी होते. त्याची आई दारात उभी राहून लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहते. त्या माऊलीला रोज रात्री लागणाऱ्या या घोराचा हिशेब सरकारच्या कोणत्या टप्प्यात बसतो, हे आता आपणच संघटितपणे विचारले पाहिजे.