जमीन किती खचली? उपग्रह हे नेमकं कसं मोजतो?

जानेवारी २०२३. उत्तराखंडमधल्या जोशीमठमध्ये घरांना तडे जात होते आणि कुटुंबांना घर सोडावं लागत होतं. त्याच सुमारास इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा प्राथमिक अहवाल आला. २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचं त्यात म्हटलं होतं. थोड्याच दिवसांत हा अहवाल संकेतस्थळावरून हटवण्यात आला. परवानगीशिवाय माध्यमांना माहिती देऊ नका, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संबंधित संस्थांना सांगितलं.

इतक्या उंचीवरून सेंटिमीटर खरंच मोजता येतात का? येतात. पण त्यामागचं गणित सरळ नाही.

फोटो नव्हे, प्रतिध्वनी

सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजेच 'सार', जमिनीकडे रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी टिपतं. त्यामुळे त्याला रात्रीचा किंवा ढगांचा अडथळा होत नाही.

मात्र एकाच तुकड्यातल्या दगड, माती, छपरांवरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्या जोर धरतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. म्हणून प्रतिमेवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. याला 'स्पेकल' म्हणतात. हा गोंगाट मूळ संकेतात मिळवला जात नाही, त्याने गुणला जातो. जिथे प्रतिमा उजळ, तिथे गोंगाटही जास्त. त्यामुळे आधी लॉगॅरिदम घेऊन गुणाकाराची बेरीज करणं किंवा त्या भागानुसार बदलणारी गाळणी लावणं, असे उपाय करावे लागतात. जास्त गाळलं तर बारीक तपशील पुसले जातात.

काटा दिसतो, तास दिसत नाहीत

जमिनीची हालचाल मोजताना वेगवेगळ्या दिवशीच्या दोन प्रतिमांमध्ये लहरींची स्थिती, म्हणजे 'फेज', किती बदलली ते पाहतात. इथे अडचण घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी आहे. काटा दहावर दिसला तर मिनिटं कळतात, पण मधे किती तास गेले ते कळत नाही.

युरोपच्या 'सेंटिनेल-१' उपग्रहाची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटरची आहे. जमीन उपग्रहाच्या दिशेत २.८ सेंटिमीटर सरकली की फेजचा एक फेरा पूर्ण होतो. ५.४ सेंटिमीटर म्हणजे जवळपास दोन फेरे. हे फेरे शेजारच्या बिंदूंशी ताळमेळ लावून मोजावे लागतात. तीव्र उतार, दाट झाडी किंवा हवेतली वाफ असेल तर हिशेब चुकू शकतो. शिवाय रडार तिरकं पाहतं. त्यामुळे त्याने मोजलेलं अंतर म्हणजे थेट खाली खचणं नव्हे.

'निसार'मुळे काय बदलेल?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या नासा-इस्रोच्या 'निसार'वर एल आणि एस अशा दोन बँडची रडार आहेत. एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, म्हणजे एक फेरा सुमारे १२ सेंटिमीटरचा. फेरे चुकण्याचा धोका कमी होतो आणि लहर झाडीतूनही जमिनीपर्यंत पोहोचते. हा उपग्रह दर १२ दिवसांत जगातली बहुतेक जमीन दोनदा पाहील. त्याची माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याचं धोरण आहे.

म्हणजे यापुढे असे आकडे फक्त सरकारी कपाटात राहणार नाहीत. पण नुसता आकडा घबराट पसरवू शकतो आणि लपवलेला आकडा अफवा. म्हणून कोणत्या तारखांच्या प्रतिमा, कोणत्या दिशेतलं सरकणं आणि चुकीची शक्यता किती, हे आकड्यासोबतच सांगायला हवं. भिंतीला तडा गेलेल्या माणसाला घर सोडायचं की थांबायचं, हे त्यावरूनच ठरवता येईल.