चोरी विमानतळावर, शोध बिरवाडीत

आखातातून परतलेला माणूस मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी फार वेळ रेंगाळत नाही. बाहेर ठरवलेली गाडी उभी असते आणि पुढे बिरवाडीपर्यंत महामार्गाचा कित्येक तासांचा प्रवास असतो. बॅग उघडते ती घरी, सर्वांच्या समक्ष. बहिणीसाठी घेतलेली साखळी तिच्यात नाही, हे तेव्हा ध्यानात येते. कुलूप जागेवर असते. कारण बॅगेची चेन साध्या बॉलपेनने उसवता येते आणि पुन्हा सरकवून मिटवताही येते. चोरी कुठे झाली, हे या कुटुंबाने कसे सांगावे?

प्रवाशाने काउंटरवर बॅग सोपवल्यापासून ती पट्ट्यावर येईपर्यंत तपासणी यंत्र, वर्गवारीची जागा, सामानगाडी आणि विमानाचे पोट असा तिचा प्रवास होतो. तीत हात घालणारे बहुधा कंत्राटदाराचे कामगार असतात. अशा कामगारांना चोरीबद्दल अटक झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातही. या सबंध साखळीत एकच व्यक्ती काहीही पाहू शकत नाही, ती म्हणजे प्रवासी; आणि पुरावा नेमका तिच्याकडेच मागितला जातो.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे, असे मात्र नाही. 1929 च्या वॉर्सा करारात सामानाची भरपाई वजनावर ठरे. जणू किलोभर सोने आणि किलोभर तांदूळ सारखेच. 1999 च्या मॉन्ट्रियल कराराने ती माणशी ठरवली आणि भारताने तो करार 2009 साली स्वीकारला. डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा 1,519 विशेष उचल हक्कांची, म्हणजे साधारण दोन हजार डॉलरची आहे. आजच्या भावाने एवढ्यात दोन तोळे सोनेही येत नाही. देशांतर्गत प्रवासात तर ती अवघी 20,000 रुपये आहे.

पण खरी मेख रकमेत नसून मुदतीत आहे. तक्रार न करता सामान ताब्यात घेतले, की ते सुस्थितीत मिळाले असे कराराचे 31 वे कलम प्रथमदर्शनी गृहीत धरते. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत विमान कंपनीकडे पोचावी लागते. बॅगेतली एखादीच वस्तू नाहीशी होणे हे ‘नुकसान’ की ‘गहाळ होणे’, असा वाद 1980 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला होता. तेथील प्रवाशाने फाटलेल्या बॅगेची तक्रार तत्काळ केली होती. आतील वस्तू गेल्याचे मात्र मुदतीत कळवले नव्हते. साडेसोळा पौंडांची ती मागणी उमरावांनी फेटाळली. पाहुण्यांच्या गर्दीत आठवडा कसा सरला हे ज्या घराला कळत नाही, त्याच्या वाट्याला याहून वेगळे काय यावे?

त्यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते : मौल्यवान वस्तू सामानात ठेवू नयेत, असे तिकिटावर छापलेले आहे. सल्ला म्हणून हे योग्यच आहे. परंतु सल्ला देणे वेगळे आणि जबाबदारी झटकणे वेगळे. आपले दायित्व टाळणारी अट आंतरराष्ट्रीय प्रवासात निरर्थक ठरते, असे त्याच कराराचे 26 वे कलम सांगते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2009 साली कंपन्यांना याची स्पष्ट जाणीवही दिली होती. आपल्याकडे ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही.

न नेलेल्या सोन्याची भरपाई मागणारे लबाडही निघतील, ही कंपन्यांची भीती खोटी नाही. तथापि तिच्यावर उपाय करारातच आहे. सामान सोपवताना त्याचे मूल्य घोषित करून आणि लागेल ती जादा रक्कम भरून भरपाईची मर्यादा वाढवता येते. ही सोय काउंटरवर कोण आपणहून सुचवतो? अर्थशास्त्राचा साधा न्याय असा, की ज्याला कमी खर्चात हानी टाळता येते, त्याने तिचा भार उचलावा. कॅमेरे कंपनीच्या आणि विमानतळाच्या हाती आहेत, कामगारही त्यांचेच. चोरीची किंमत त्यांना मोजावी लागत नाही, तोवर देखरेखीवर जादा पैसा खर्च करण्याचे त्यांना कारण नाही. वजनकाटा येथे फारसा उपयोगी नाही. दोन तोळ्यांची साखळी त्याला जाणवणारही नाही.

तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन गोष्टी कराव्यात. सात दिवसांची मुदत आणि तक्रारीचा पत्ता प्रत्येक सामानचिठ्ठीवर मराठीसह प्रादेशिक भाषांत छापायला लावावा; आणि सामान हाताळणीचे चित्रण निदान तक्रारीची मुदत उलटेपर्यंत जपण्याची सक्ती करावी. तक्रार आली, की ते चित्रण निकालापर्यंत पुसता येऊ नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे. बिरवाडीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, अलिबागचा ग्राहक आयोग पुरतो. पण तिथे तो रिकामी बॅग घेऊन गेला आणि चित्रण आधीच पुसलेले असले, तर आयोगाने तरी काय पाहावे?